बिनमिठाचं पिठलं

कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या नाही, यावरून माणसांनी जेवढी वैरं धरली तेवढी जमिनीपायीही धरली नसतील, असं मला वाटतं. सत्तरच्या दशकात कडेगावला आमच्या घरीही तेच चाललं होतं. विहीर शेजाऱ्यांशी सामाईक. उसाच्या पाण्याच्या पाळीवरून वडिलांचं आणि शेजारच्या काकांचं वाजलं आणि खाणंपिणं तुटलं. चार वर्षं संक्रांतीचा तिळगूळसुद्धा भिंतीपलीकडे गेला नाही. मोठ्यांचा हा हट्ट मला तेव्हाही कळत नव्हता, आताही कळत नाही.

मग एका सकाळी काका गेले. मयताच्या घरात चूल पेटत नाही. माती देऊन माणसं परतली की शेजारच्या बायका पिठलं-भाकरी घेऊन जातात; त्याला कडू घास म्हणतात. आमच्या आळीत पहिला घास भिंतीला भिंत लागलेल्या घराचा, म्हणजे आमचा.

वडील आईला म्हणाले, "मी मातीला जातूय. पर तू भाकरी न्हेऊ नगंस. त्येच्या बायकूनं परत धाडली तर गावात तोंड दावाय जागा ऱ्हायची न्हाई."

"आवं, सकाळपासनं उपाशी हाय ती," एवढंच म्हणून आईनं परातीत पीठ घेतलं.

मी तिच्यामागून गेले. काकींच्या सोप्यात बायका आपापल्या भाकरीच्या बुट्ट्या झाकून आमचीच वाट बघत होत्या. आईनं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून काकींच्या तोंडाशी धरला.

"आक्का, घास घ्या."

काकी तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. आता हात झिडकारतात, असं मला वाटलं. मग त्यांनी तोंड उघडलं. ताटलीतलं सगळं पिठलं त्यांनी पुसून खाल्लं. रडली ती आई.

दिवेलागणीला वडील जेवायला बसले. पहिल्याच घासाला थांबले. "मीठ?"

आईनं चाखून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "घाईत घालायचंच ऱ्हायलं."

"आन् तिनं खाल्लं?"

"समदं. काय बोलली न्हाई."

आईनं मिठाची बरणी पुढं केली. वडिलांनी ती बाजूला सारली आणि तेच पिठलं खाली मान घालून संपवलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी आमची होती. वडील सकाळीच विहिरीवर गेले आणि त्यांनी पाणी काकींच्या उसाला सोडलं.