तीन महिने पळायचं नाही

"तुमच्या मुलीच्या हृदयाची भिंत जाड आहे," डॉक्टर म्हणाल्या. "का जाड आहे, ते आज मला सांगता येणार नाही."

मी आणि माझी मुलगी मित्रा सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात बसलो होतो. मित्रा व्यावसायिक फुटबॉल खेळते, मधल्या फळीत. म्हणजे बचावालाही तीच धावणार आणि चढाईलाही तीच. हंगामाआधी क्लबने सगळ्या मुलींचा ईसीजी काढला, त्यात तिचा आलेख वेगळा आला. मग इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मग एमआरआय. तिला ना कधी छातीत दुखलं होतं, ना चक्कर आली होती.

डॉक्टरांनी दोन शक्यता सांगितल्या. पहिली, अ‍ॅथलीट्स हार्ट. वर्षानुवर्षं व्यायाम केला की दंड भरतात, तसं हृदयही भरतं. त्याने बिघडत काही नाही. दुसरी, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. यात आनुवंशिक दोषामुळे हृदयाचा स्नायू जाड होतो आणि जोरात पळताना ठोके बिघडून मैदानातच जीव जाऊ शकतो. मित्राची भिंत नेमकी दोन्हींच्या मधल्या जाडीची होती.

"मग कळणार कसं?" मी विचारलं.

"व्यायाम बंद करून. याला डीट्रेनिंग म्हणतात. तीन महिने पूर्ण बंद. भिंतीची जाडी उतरली, तर ती व्यायामाची. नाही उतरली, तर आजार धरून चालायचं आणि खेळ थांबवायचा."

"सायकल?" मित्राने विचारलं.

"नाही."

"पोहणं?"

"पोहणं हा व्यायाम नसतो, असं कोणी सांगितलं तुला?"

क्लबने तीन महिने तिची जागा राखून ठेवायचं कबूल केलं. त्यापुढे नाही.

धडधाकट माणसाला आजाऱ्यासारखं बसवून ठेवणं फार अवघड. मित्रा पहाटे उठून बूट घालायची, थोडा वेळ बसायची, काढून ठेवायची. तिचे बाबा तिला मंडईत भाजीला न्यायचे, पण पिशव्या उचलू द्यायचे नाहीत. त्यावरून दोघांचं वाजायचं. ती दुपारी झोपली की मी दारात उभी राहून श्वास चालू आहे ना, ते बघायचे.

दोन महिने झाल्यावर मला एक गोष्ट खटकली. जन्मात कधी कपडे वाळत न घातलेली मुलगी रोज न सांगता बादली घेऊन गच्चीवर जायला लागली होती. आमची इमारत चार मजली आहे. एकदा मी मागोमाग गेले. ओल्या कपड्यांची बादली हातात घेऊन ही जिना चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. पळत.

"चार कपड्यांना किती खेपा घालतेस गं?"

ती दचकली. "आई, दम संपलाय माझा. अशी परत गेले तर कोण खेळवेल मला?"

"कधीपासून चाललंय हे?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"डॉक्टरांना सांग."

"सांगितलं तर त्या पहिल्यापासून मोजतील. क्लब नाही थांबणार. एकच महिना राहिलाय, आई. आता बंद करते ना."

"परीक्षा हृदयाची चाललीय आणि तू कॉपी करतेयस," मी म्हटलं. "तीही नापास व्हायला."

दुसऱ्या दिवशी चहा घेताना तिनेच डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी स्पीकरवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजपासून पुन्हा तीन महिने. पण सांगितलंस ते बरं केलंस. न सांगता आली असतीस तर भिंत जाडच दिसली असती आणि मी तुझा खेळ कायमचा बंद केला असता."

क्लबने तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. त्यानंतर मात्र मित्रा खरंच बसली. वजन वाढलं. मोबाईलवर क्लबच्या मॅच बघत नव्या मुलीच्या चुका मला सांगायची. मीही ऐकून घ्यायचे.

पुन्हा इको झाला त्या दिवशी वेटिंग रूममध्ये आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी आत बोलावलं, जुनी आणि नवी चित्रं शेजारी शेजारी ठेवली.

"उतरली. हे खेळाडूचं हृदय आहे. हळूहळू सुरुवात कर. आणि दर वर्षी इको, चुकवायचा नाही."

मित्रा रडली. मी पुढच्या इकोची तारीख घेतली.

तुमच्या घरी असं कोणी बसून असेल, तर "बरं वाटतंय का" विचारत बसू नका. त्यांना बरंच वाटत असतं. "आज काय काय केलंस" ते विचारा. खेळ जाईल या भीतीने जे लपवाल, त्यानेच खेळ जाईल. आणि जागा देऊन टाकली म्हणून त्या क्लबवर माझा राग नाही. ईसीजी त्यांनीच काढला होता.

मित्रा आता एका छोट्या क्लबकडून खेळते. पहिल्याच मॅचला तिला अगदी शेवटी उतरवलं. बॉल घेऊन ती पार पलीकडे पळाली, तशीच पळत परत आली आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायला लागली.

शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "अहो, बरं नाही का तिला?"

"पळाली ना, म्हणून," मी म्हटलं आणि बसून राहिले.