रिकाम्या डब्यात धरलेली जागा

चहा घ्या, सांगतो. आई स्वयंपाकघरात आहे तोवरच सांगून टाकतो, कारण हा किस्सा तिच्या तोंडून ऐकलात तर माझी उरलीसुरली अब्रूही जाईल.

बाबा गेल्यावर आई साताऱ्याहून माझ्याकडे जयपूरला आली. मे महिन्यात सांगानेरला बसची वाट बघताना पदरानं वारा घेत म्हणायची, "एकदा बर्फ हातात घेऊन बघायचाय रे. फ्रीजमधला नव्हे, आभाळातून पडलेला." मी तेव्हाच ठरवलं, आईला स्वित्झर्लंडला न्यायचं. आणि ती पहिल्यांदा बर्फ उचलेल तेव्हा तिचं तोंड बघायचं. मला दुसरं काही बघायचंच नव्हतं.

टूर कंपनी नको म्हटलं. सगळं रेल्वेनं, बसनं, बोटीनं. सी-स्कीममधल्या आमच्या ऑफिसात मी ज्याला त्याला गाड्यांच्या वेळा ऐकवत सुटलो, तर लोक मला स्टेशनमास्तर म्हणायला लागले. मलाही ते आवडलं, हे कबूल करतो.

सगळं सुरळीत चाललं होतं. बर्फाचा डोंगर शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. गाडीत बसलो, तर आईला जागा मिळाली उलट्या तोंडाची, आणि डोंगर सगळे पलीकडच्या खिडकीत. आता तुम्हीच सांगा, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या घराण्यातल्या माणसाला हे बघवेल का?

एका स्टेशनात गाडी जरा रेंगाळली. पुढचे डबे रिकामे दिसत होते, पण आतून तिकडे जायला वाट नव्हती.

"आई, तू बस. मी पुढं जागा धरतो नि तुला बोलावतो."

"अरे, इथं काय वाईट आहे? बसलोय ना."

"खिडकी मिळतेय, थांब."

जागा धरायची म्हणजे काहीतरी ठेवायला हवं. तिचे हातमोजे, मफलर आणि धपाट्यांचा डबा उचलून मी फलाटावरून पळालो. समोरासमोरच्या जागांवर सगळं मांडलं. अख्ख्या डब्यात चिटपाखरू नव्हतं, तरी मांडलं.

तेवढ्यात एक स्विस आजीबाई आल्या. एक हात डावीकडं, दुसरा उजवीकडं करून काहीतरी समजावू लागल्या. मला वाटलं, जागेवरून भांडतायत. मी छाती पुढं काढून म्हटलं, "नो, नो. माय मदर कमिंग."

गाडी हलली. म्हणजे माझी हलली. आईची फलाटावरच उभी. तिथं गाडीचे दोन भाग करतात आणि ते दोन वेगळ्या दऱ्यांत जातात, हे मला तेव्हा कळलं. आई खिडकीतून मला हात हलवत होती, अगदी हौसेनं.

फोन वाजला. "तू कुठं चाललास रे?"

"आई, गाडी तुटली."

"तुटली कुठं? माझीही निघाली बघ आता. बर्फाला हीच जाते ना?"

"हो, पण..."

"मग मी होते पुढं. तू ये मागनं."

पुढच्या स्टेशनात उतरलो. उलटी गाडी मिळाली, मग आई गेली त्या दरीतली पुढची, मग धावत रोपवेपाशी. तिथं ढग उतरले होते. वर जाणारे पाळणे बंद, फक्त माणसं खाली आणत होते. आई शेवटच्या पाळण्यातून उतरली. हात लालबुंद, आणि तिचे हातमोजे माझ्या खिशात.

मी नुसते तिचे हात चोळत राहिलो.

"बरं झालं हातमोजे नव्हते," ती म्हणाली. "नाहीतर हाताला कळलं असतं का, बर्फ कसा लागतो ते?"

वर भेटलेल्या एका गुजराती बाईंनी तिचा फोटो काढला होता. ओंजळीत बर्फ, तोंडभर हसू, पण बघतेय कॅमेऱ्याच्या बाजूला, भलतीकडंच.

"इकडं कुणाकडं बघत होतीस?"

"सवय रे. वाटलं, तू तिथं उभा असशील."

तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये लावलाय. येणारा प्रत्येक जण बघतो. परवा शेजारच्या आंटींनी विचारलंच, "बहुत सुंदर है जी. पर बेटा नहीं दिख रहा?"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वो मेरे लिए जगह पकड़ने गया था."