अहोंचा पहिला घास

मिकिजुक आपल्या सात वर्षांच्या नातीला ‘अहो’ म्हणायची आणि नात तिला ‘अगं’. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मिकिजुकचा नवरा कौमाक गेला त्याच हिवाळ्यात पोरगी जन्मली, तिथल्या रिवाजाप्रमाणे तिला त्याचं नाव दिलं, आणि नावाबरोबर नवरेपणही आलं. पोरगी त्याच्यासारख्याच मिटक्या मारायची आणि त्याच्यासारखंच कुणाचं ऐकायची नाही.

मिकिजुकचं खरं वैभव मात्र जमिनीखाली होतं. उन्हाळ्यात वॉलरसचं मांस त्याच्याच कातड्यात शिवून किनाऱ्यावरच्या खडीत, बारमाही गोठलेल्या जमिनीपर्यंत पुरायचं आणि बर्फ पडल्यावर काढायचं, ही इगुनाकची, म्हणजे मुरवलेल्या मांसाची रीत गावात कुणाला येत नाही? पण तिच्या खड्ड्यातल्या इगुनाकसाठी माणसं भांडणं मिटवून यायची. नणंद सालोमी या कीर्तीवर आयुष्यभर जळली, आणि खायला मात्र कायम सगळ्यांच्या आधी बसली.

त्या वर्षी दक्षिणेकडून गावाच्या हक्कांची चौकशी करायला पाहुणे आले. आपलं अन्न आपल्या रीतीनं खाता येतं का, गावाचं काय काय गेलं, हे त्यांना ऐकायचं होतं. गाव म्हणालं, आधी खाऊ घालू, मग बोलू. खड्डा अर्थातच मिकिजुकचा.

खडी उकरताना तिच्या बोटांना ओल लागली. ती थांबली.

“दमलात वाटतं वहिनी?” सालोमी मागून म्हणाली. “पुढच्या वर्षी माझ्या खड्ड्यातलं आणू.”

“तुमच्या खड्ड्यातलं कुत्री तरी खातात का, वन्सं?”

सगळे खदखदून हसले, आणि त्या हसण्यात ओलीचं राहून गेलं.

सभागृहात जमिनीवर पुठ्ठा अंथरून मांस मांडलं. पहिला घास कौमाकचा, म्हणजे आता पोरीचा. तो ‘छान’ म्हणेपर्यंत कुणी सुरीला हात लावायचा नाही, ही चाल तो होता तेव्हापासूनची. कातडं उघडलं तेव्हा मिकिजुकला वास जरा निराळा वाटला. पण सगळं गाव बघत होतं, सालोमी तर डोळे फाडून. तिनं तुकडा कापला.

“घ्या हो.”

पोरीनं गिळला, तोंड वाकडं केलं. “अगं, जीभ चरचरतेय.”

“भाऊ आमचा पहिल्यापासून नखरेल,” सालोमी म्हणाली. हशा पिकला. मिकिजुकनं उरलेलं नाकाशी धरलं आणि तिचा चेहरा उतरला.

“कुणी शिवू नका याला.”

दुसऱ्या दिवशी पोरगी म्हणाली, “अगं, तू दोन-दोन दिसतेस.” आधी वाटलं, थट्टा करतेय. मग तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या. मग पाणीही घशाखाली उतरेना. मांसाचं विष भिनलंय म्हणत नर्सनं विमान मागवलं. पोरीची आई तिला घेऊन दूरच्या मोठ्या दवाखान्याकडे उडाली. मिकिजुक विमान दिसेनासं होईपर्यंत धावपट्टीवर उभी होती.

तिथून ती थेट खड्ड्याकडे गेली. आत हात घातला. जिथे एरवी गोठलेल्या जमिनीवर कुदळीची टोकं मोडायची तिथे मनगटभर पाणी होतं. स्वतःच्या घरात परका माणूस दिसावा तशी ती त्या पाण्याकडे बघत राहिली.

सालोमी शेजारी येऊन बसली. तिनंही पाण्यात हात बुडवून पाहिला. मग म्हणाली, “वहिनी, माझ्या खड्ड्यातही पाणी होतं. मागच्या वर्षीच. सगळं समुद्रात टाकलं मी.”

“आणि बोलला नाहीत?”

“तुम्ही हसला असता.”

हसली असती. हे मिकिजुकला नाकारता येईना.

पाहुण्यांनी विचारलं, तुमचं काय गेलं? ती म्हणाली, “विमान येऊ दे. मग सांगते.”

विमान आलं तेव्हा पाहुणे केव्हाच गेले होते. पोरगी काटकुळी झाली होती, पण स्वतःच्या पायांनी उतरली. घरात सगळे गोळा झाले. मिकिजुकनं गोठलेल्या ताज्या माशाचा पातळ काप काढला आणि सवयीनं पुढे केला.

“घ्या हो.”

पोरगी कापाकडे बघत राहिली. मग आजीचा हात तिनं हळूच मागे सारला.

“अगं, आधी तू खा.”

कौमाक सगळ्या संसारात असं कधी बोलला नव्हता. मिकिजुकनं घास तोंडात घातला. तो तिथेच घोळत राहिला. गिळला की ‘छान’ म्हणायचं होतं, आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. सालोमीसुद्धा, श्वास रोखून.