तिसरा माग

मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की काय सांगायचं, याची तालीम आम्ही दोघी मैत्रिणी कॉलेजच्या शेवटच्या वर्षी विश्रामबागेत कट्ट्यावर बसून करायचो. मी कवठे महांकाळची, ती माधवनगरची. मी आपली ‘प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ’ अशी सुरुवात करायचे आणि ती पोट धरून हसायची. “आगं, नोकरी मागतीयास का नवरा?”

तिचं मात्र ऐकत राहावं असं होतं. घरात वडिलांचे कापड विणायचे चार माग. त्या खडखडाटात ती अभ्यासाला बसायची आणि एखादा माग थांबला, की पुस्तकातून मान वर न करता सांगायची, “तिसरा थांबला.” ‘चूक झाली की मला आधी ऐकू येते,’ हे तिच्या उत्तरातलं शेवटचं वाक्य. काय तोऱ्यात म्हणायची! कापडाच्या एका कारखान्यात तपासणीची एकच जागा निघाली आणि आम्ही दोघीही गेलो. त्या दिवशी बाहेरच्या बाकावरसुद्धा तिनं मला ते म्हणून दाखवलं.

मला आधी बोलावलं. घाबरून तोंडातून निघून गेलं, अशी मी पुढं कित्येक वर्षं मनाची समजूत घातली. खोटं आहे ते. मी अजिबात घाबरले नव्हते. तिचं घर, तिचे वडील, तिचा तिसरा माग, सगळं मी सावकाश, तिच्याच ठसक्यात माझं म्हणून सांगितलं.

मग ती आत गेली आणि लगेच बाहेर आली.

“साहेब हसलं गं. म्हणालं, क्लासवाले सगळ्यांकडनं हेच पाठ करून घेतात वाटतं.” माझ्याकडं बघत तिनं विचारलं, “तू न्हाईस ना सांगितलंस?”

“न्हाई गं.”

तिनं लगेच मान हलवली. “व्हय. माझंच बोलणं खोटं वाटलं आसंल.”

नोकरी मला लागली. अजून तिथंच आहे. शेडमध्ये एखादा माग थांबला तर मला आजही कळत नाही, दुसरं कुणीतरी सांगतं तेव्हा कळतं. पण घरी भाजी चिरताना, सगळं शांत असताना, अगदी कानाशी कुणीतरी म्हणतं, ‘तिसरा थांबला.’ मी विळी बाजूला ठेवते. मला भीती वाटते.

परवा किती वर्षांनी तिचा फोन आला. “लेकीची मुलाखत हाय. तुझ्याकडं धाडते, जरा शिकव तिला. मला सोताबद्दल सांगायला कवा जमलं न्हाई.”

पोरगी आली. अगदी आईचे डोळे. मी म्हटलं, “सांग बघू स्वतःबद्दल.”

“मी प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ...”

“ते राहू दे,” मी म्हणाले. “घरचं सांग. आजोबांच्या मागांचं सांग.”

“नको मावशी,” ती म्हणाली. “आई म्हणते, घरचं काही सांगू नको. ऐकणाऱ्याला ते खोटं वाटतं.”