दोघांत एक मफलर

लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा तिच्या गावातल्या जुन्या फुटबॉल क्लबची मॅच पाहायला गेलो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा मफलर इतका लांब होता की त्याचं दुसरं टोक नवऱ्याच्या गळ्यात होतं.

"क्लब वरच्या गटात चढला की एक पट्टी वाढवायची," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीनं सुरू केलेलं."

आजीच्या पट्ट्यांचा लाल रंग विटून गेला होता. इतिहास म्हटलं की मला कपाटातले चषक आठवतात. हा इतिहास मात्र दोन माणसांना ऊब देत होता. पण शेवटची पट्टीही जुनीच दिसत होती.

शिट्टी वाजली. क्लब जिंकला, वर चढला! मी कोल्हापूरचा, हात गुलालासाठी आपोआप खिशात गेला. सगळं स्टेडियम नाचत असताना बाई तेवढ्या खाली बसलेल्या. रडतायत की काय? वाकून पाहिलं, तर पर्समधून सुया आणि लाल लोकर काढून त्यांनी टाके उचलायला घेतलेसुद्धा!

"एवढी घाई?"

"घाई? लग्न झाल्यापासून दर मॅचला घेऊन येतेय ही लोकर," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्यावर ओरडल्या, "अहो, उड्या मारू नका, टाका सुटतोय!"