वाढप्याचं पान

आमच्या गावात लग्न ठरलं की आधी भटजींना विचारायचे आणि लगेच महिपती आबांना. भटजी एकवेळ दुसरे मिळाले असते, आबा नाही. कामशेतच्या आसपासच्या पाच-सात गावांत त्यांच्यासारखा वाढपी झाला नाही. हे मी पुतणी म्हणून सांगत नाही. पुतणी म्हणून सांगायचं तर हा माणूस डोक्याला ताप आहे.

चाळीस वर्षं आमटीची बादली धरून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला आहे. दोनशे माणसांच्या पंगतीवर एकदा नजर फिरवली की कुणाच्या पानावर काय संपलंय हे त्यांना कळायचं. ओरडणाऱ्याला ते कधी आधी वाढायचे नाहीत. "वरडायला जोर हाय म्हंजी पोटात काय तरी हाय," म्हणायचे, "गप बसल्याल्याकडं बगायचं." आणि स्वतः? सगळ्या पंगती उठल्या, खरकटं निघालं, की बादलीच्या तळाशी उरलेल्या आमटीत गार भात कालवून चुलीच्या कडेला उकिडवं बसून चार घास. वाढप्यानं शेवटी जेवायचं, हा त्यांचा नियम.

या वैशाखात एका लग्नात सांडलेल्या मठ्ठ्यावरून ते घसरले आणि गुडघा गेला. बादली मात्र सरळच राहिली, थेंबभर सांडली नाही, हे त्यांनी दवाखान्यात डॉक्टरांना तीनदा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, चालाल-फिराल, पण बादली घेऊन पंगतीत वाकणं आता बंद. पुढच्या लग्नात त्यांची बादली दुसऱ्याच्या हातात गेली. आबा ओसरीवरच्या खाटेवर बसून समोरच्या भिंतीकडे बघायला लागले.

आता माझं. मी कोमल. नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन मोबाईलवर राक्षस मारायचे, असं माझं सुखी आयुष्य आहे. खेळाचं नाव काळदरी. चौघांची टीम. एक पुढं उभा राहून मार खातो, त्याला टँक म्हणतात. ती मी, कारण माझा धाकटा भाऊ सत्यम म्हणतो की मला भांडायला निमित्तसुद्धा लागत नाही. दोघं मारतात: सत्यम तलवारीनं आणि हृतिक लांबून बाणानं. हृतिक कुरवंड्याच्या वरच्या वाडीतला. दिवसा पर्यटकांना नागफणीच्या कड्यावर नेतो आणि संध्याकाळी एका ठरावीक दगडावर बसून खेळतो, कारण रेंज तेवढ्याच दगडाला आहे. चौथा हीलर. त्यानं मारायचं नाही. ज्याची ताकद कमी होईल त्याच्यावर हिरवं औषध टाकत राहायचं.

हीलर व्हायला जगात कुणी तयार नसतं. जिंकलं की नाव तलवारवाल्याचं, हरलं की चूक हीलरची. आमचा हीलर रतन जूनमध्ये रुसून गेला तो आलाच नाही. मी त्याला थोडं बोलले होते. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी चौथा माणूस नव्हता आणि आबा भिंतीकडे बघत होते. मी त्यांच्या बायकोचा, शालूकाकीचा फोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "आबा, ही चार नावं बघा. नावाखालची पट्टी कमी झाली की त्या नावावर हिरवं बटण दाबायचं. बाकी काय करू नका."

आबांनी चष्मा वर सरकवला. "म्हंजी पान रिकामं झालं की वाढायचं."

"तेच."

"मग सरळ तसं सांग की."

पुढच्या दहा मिनिटांत आम्ही चाट पडलो. मला मार बसायच्या आधीच औषध येऊन पडायचं. सत्यम "आबा मला, आबा मला" ओरडायचा, त्याला अजिबात मिळायचं नाही. हृतिक गप बाण मारत असायचा, त्याला पुरेपूर. आणि आग्रह! पट्टी पूर्ण भरलेली असली तरी वर एक वगराळं. "आबा, भरलंय माझं," मी म्हणायचे. "घे गं, दिसतंय किती खाल्लंस ते," म्हणून परत. राक्षसाची पट्टी रिकामी झालेली दिसली की ते अस्वस्थ व्हायचे. त्याला औषध देता येत नाही, हे पटवायला आम्हाला दोन दिवस लागले.

असं करत आम्ही शेवटच्या दरीत पोचलो. तिथं खेकडा असतो. देवळाएवढा, आठ पायांचा, नांग्या दिंडी दरवाजासारख्या. आबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "ह्याचा रस्सा केला तर आख्खं गाव जेवंल," ते म्हणाले, "फक्त वाटण लय लागंल."

त्या खेकड्यानं आम्हाला सतरा वेळा मारलं. प्रत्येक वेळी एकाच तऱ्हेनं. अर्धी लढाई झाली की तो वळून आबांवर यायचा. आबांची पट्टी उतरायची, उतरायची, आबा आम्हा तिघांना वाढत राहायचे आणि वाढता वाढता आडवे व्हायचे. मग अर्ध्या मिनिटात आम्ही. "आबा, स्वतःवर टाका!" मी कोकलायचे. "टाकतो की," ते म्हणायचे, आणि हृतिकला वाढायचे.

ऑगस्टमध्ये लोणावळ्यात स्पर्धा होती. याच खेकड्याची, जी टीम लवकर मारेल ती जिंकली. आठ दिवस उरले होते आणि सतराव्या मरणानंतर सत्यमचा धीर सुटला. "तळेगावचा प्रितम तयार हाय," तो मला ओसरीतच म्हणाला. "चांगला शिकलेला हीलर हाय. आबांचं हात चालत न्हाईत आता. वय झालं."

आबा चार हातांवर बसले होते. कान त्यांचे शाबूत आहेत. त्यांनी फोन टॉवेलनं नीट पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. "बादली गेली," ते म्हणाले, "तवा वाटलं, ह्ये तरी हाय. जाऊ दे. घ्या दुसरा." आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मला राग येतो तो असा की डोळ्यांत पाणी येतं, मग त्या पाण्याचा आणखी राग येतो. मी चुलीपाशी गेले आणि शालूकाकीवर ओरडले. आबांना साधं स्वतःवर बटण दाबता येत नाही का? फोन तुझा, तू तरी शिकवायचंस.

काकी भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही. "बटण येतंय त्येंला. दाबायचं न्हाई."

"का?"

"पंगत बसल्याली असताना वाढपी जेवतो व्हय?" काकी म्हणाली. "आगं, आमच्या लग्नात वाढपी कमी पडलं. नवरदेव मुंडावळ्या मागं टाकून भात वाढीत होता. मी मांडवात एकली बसल्याली. माझ्या मामानं वळखलं न्हाई, त्यानं ह्येंच्याकडंच मीठ मागितलं. आनि तू म्हंतीस खेकड्यासाठी नेम मोडा."

मी पाटावर बसले. आबा सतरा वेळा मेले ते यामुळं. खेळ बनवणाऱ्यांनी हीलर स्वतःला जपणार हे धरूनच चाललेलं असणार. त्यांनी आमचे आबा पाहिले नव्हते. मग मी काकीला विचारलं, "पण शेवटी वाढपी बसले की त्यांना कोण वाढतं?"

"ज्ये जेवून उठलं त्ये. कुनाला तरी हात धुवून बादली घ्यावीच लागती."

"आणि मध्येच कुणी त्यांच्या पानात वाढलं तर?"

काकी पहिल्यांदा हसली. "पानात पडल्याल्या अन्नाला न्हाई म्हनाया त्येंच्या आईनं शिकवलं न्हाई."

इथं खेळाची एक गोष्ट सांगायला हवी. काळदरीत कुणीही आपलं एक हत्यार सोडून त्याजागी औषधाचं लहानसं गाडगं घेऊ शकतो. कुणी घेत नाही, कारण हत्यार सोडलं की राक्षसाला मार कमी बसतो आणि मारणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव खाली जातं. मी सत्यमला म्हटलं, तुझी आगीची तलवार सोड. आठ महिने खपून त्यानं ती मिळवली होती. तो जेवला नाही त्या दिवशी. मी मोठ्या ढालीच्या जागी लहान घेतली. हृतिकला फोन केला तर तो दगडावरून म्हणाला, "ताई, मी मागंच घेतलंय. आबा मला सारखं वाढायचे, मला कसंसंच व्हायचं. पण आबा माझ्या पल्ल्यात येत न्हाईत."

मग आबांच्या खाटेपुढे फोन परत ठेवला. म्हटलं, "आबा, कुणीही स्वतःचं वाढून घ्यायचं नाही. नियम म्हणजे नियम. आम्ही तिघं आळीपाळीनं बादली घेऊ."

"तुमी?" आबांनी सत्यमकडे पाहिलं. "ह्यो सांडील."

"शिकवा मग," सत्यम म्हणाला, तोंड पाडूनच.

पुढचे सात दिवस आबांनी आम्हाला वाढायला शिकवलं. पंगतीत घाई करायची नाही. एकानं वाढत असताना दुसऱ्यानं त्याच पानावर जायचं नाही. नजर हातातल्या बादलीवर नको, पुढच्या पानावर हवी. सत्यमचे घाव हलके झाले, तशी आमची मरणंही कमी झाली. खेकडा मात्र पडला नाही.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. दाराशी आल्याबरोबर आबांचा चेहरा फुलला. त्यांनी तिथं सात लग्नं वाढली होती. नावनोंदणी सोडून ते आधी मुदपाकखाना बघून आले. हॉलमध्ये एकसारखी जाकिटं घातलेल्या पोरांच्या टीमा होत्या आणि मधोमध धोतर-टोपीतले आबा काठी टेकून. एका पोरानं त्यांच्याकडे पाणी मागितलं. आबांनी आणून दिलं.

बक्षीस होतं चार खुर्च्या, खेळणाऱ्यांच्या असतात तशा, चाकांच्या आणि मानेला उशी असलेल्या.

खेकडा अर्ध्यावर आला आणि वळला. आबांची पट्टी उतरू लागली, आबा मला वाढत राहिले. मी माझं गाडगं त्यांच्यावर रिकामं केलं. हृतिक पुढं धावत आला, त्यानं केलं. नांगी परत पडली. आबांच्या पानात नखभर उरलं होतं आणि खेकड्याच्याही नखभरच. सत्यमची तलवार वर होती. एक घाव आणि नाव त्याचं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याचा अंगठा तलवारीच्या बटणावर होता. मग तो मोठ्यानं म्हणाला, "घ्या आबा, वाढतोय," आणि गाडगं ओतलं.

"बास बास, अर्धं बास," आबा सवयीनं म्हणाले.

घाव राहिला तो राहिलाच. खेकड्यानं अंग सावरलं आणि पुढं कितीतरी वेळ आम्ही त्याला जवळजवळ टोचून मारला. जाकिटवाले चहा पिऊन आले तरी आमचं चालूच होतं. वेळेच्या यादीत आमचा नंबर शेवटचा लागला. पण यादी वाचणारा मध्येच थांबला. खेकडा मेला तेव्हा चौघंही जिवंत असलेली टीम एकच होती. बाकी सगळ्यांनी हीलर खर्ची घालून खेकडा मारला होता. यासाठी बक्षीस ठरलेलं नव्हतं. त्यांनी आपसात कुजबुज केली आणि दाराशी नमुन्याला ठेवलेली पाचवी खुर्ची आम्हाला देऊन टाकली. ती लोकलच्या डब्यात मावेना, म्हणून टेम्पोनं आणली.

श्रावणातल्या सप्ताहाला काल्याच्या दिवशी देवळापुढं पहिली पंगत बसली. आबा नेहमीप्रमाणं चुलीपाशी, आचाऱ्याला नको ते सल्ले देत. आम्ही तिघांनी ती खुर्ची ढकलत आणून पंगतीच्या टोकाला लावली. गुडघ्यामुळं त्यांना खाली बसता येत नव्हतं, हे निमित्त बरं झालं. गावभर हशा झाला. जमिनीवर दोनशे माणसं मांडी घालून आणि टोकाला आबा, मानेला तांबडी उशी, मांडीवर पत्रावळ, पाय चाकांवर. "आरं, मी मागनं बसतो," ते म्हणत राहिले आणि खुर्ची मागं मागं सरकत राहिली. शेवटी हृतिकनं चाकाला दगड लावला.

सत्यमनं भात वाढला आणि आमटीची बादली घेऊन वाकला. वगराळं ओतलं, वाफ आबांच्या चष्म्यावर गेली. पानात पडलेल्याला नाही म्हणता येईना. आबांनी घास कालवला, बोट झटकलं, फुंकर मारली आणि तोंडात घातला. मग ते चावायचे थांबले आणि सत्यमकडे बघत राहिले.

"एवढी गरम असती व्हय ही?"

"व्हय आबा," सत्यम म्हणाला, आणि न विचारता अजून एक वगराळं वाढलं.