दिलीपने वसवलेली नावांची चाळ

मंडळी, अत्यंत गंभीर निवेदन आहे. उभं राहून ऐकलंत तर बरं. परळच्या आमच्या ऑफिसात यापुढे कोडमधल्या कुठल्याही फंक्शनला पत्ता असणार नाही. ज्याने ते पत्ते दिले, तो दिलीप गायकवाड गेल्या शुक्रवारी राजीनामा देऊन घरी गेला.

दिलीप माझ्या शेजारच्या टेबलावर प्रोग्रॅम लिहायचा. कोणी कोड दाखवायला आलं, की हे काय करतं असं तो कधी विचारत नसे. चष्मा कपाळावर चढवून म्हणे, "ते नंतर. राहतं कुठे?"

तो वाढला नायगावच्या चाळीत आणि प्रोग्रॅमिंगही तिथल्याच भाषेत शिकवायचा. पॅकेज म्हणजे चाळ, क्लास म्हणजे खोली आणि एकेक काम करणारं फंक्शन म्हणजे तिथे राहणारा माणूस. दोन चाळींत दोन सुनील सुखाने राहतात, कारण हाक मारताना चाळीचं नाव लावता येतं. काही फंक्शनं कुठल्याच क्लासमध्ये नसतात, थेट पॅकेजमध्ये असतात. त्यांना टॉप-लेव्हल म्हणतात. जुने लोक त्यांना नाक मुरडत. दिलीप म्हणे, "गॅलरीत झोपला म्हणून काय झालं? माझे दोन्ही काका गॅलरीत झोपायचे. चाळीतलेच होते ना?"

आमचं सॉफ्टवेअर औषधांच्या दुकानांचं. ऋतुजा नवीन होती, तेव्हा तिने घाऊक सवलतीचं फंक्शन कुठलंच पॅकेज न देता मोकळं टाकलं. दिलीप तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "बाई, पोर फुटपाथवर ठेवून आलीस."

"सर, चालतंय ना पण."

"कॉम्प्युटरला काय, तो कुठूनही उचलेल. उद्या तू रजेवर गेलीस, तर शोधणाऱ्या माणसाने वडाळ्यापर्यंत हाका मारत जायचं का?"

त्या दिवसापासून ऋतुजा त्याची पट्टशिष्या. आधी पॅकेज ठरवायची, मग फंक्शन लिहायची.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर कोड लिहिणारं यंत्र. यंत्राने दिलीपच्या सगळ्या चाळी पाडल्या, सगळं एकाच पॅकेजमध्ये, एका लांबलचक फाइलीत ओतलं आणि नावं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून प्रत्येकाला हातभर लांब नाव दिलं. दिलीप दिवसभर त्यात चूक शोधत बसला. संध्याकाळी न उघडलेला डबा त्याने बॅगेत टाकला.

"सापडली?" मी विचारलं.

"नाही रे. बिलं बरोबर येतायत. तेच तर."

दुसऱ्या दिवसापासून, कोणी न सांगता, त्याने ती फाइल फोडायला घेतली. सवलती एका पॅकेजमध्ये, साठा दुसऱ्यात. साहेबांनी जरा बदल सांगितला, की यंत्र सगळं नव्याने लिहून काढी आणि पुन्हा एकच ढीग होई. दिलीप पुन्हा मांडायला बसे.

"सोड ना यार," मी म्हटलं.

"तू जा. मला हे मुदत संपलेल्या औषधांचं कुठे ठेवायचं ते बघू दे."

राजीनाम्याचं कारण साहेबांनी 'तब्येत' असं सांगितलं. तब्येत ठणठणीत आहे. आदल्या दिवशी काय झालं ते मी शेजारी बसून ऐकलंय. दिलीपने ऋतुजाला बोलावलं, नव्याने लावलेली पॅकेजं एकेक उघडून दाखवली आणि म्हणाला, "मी नसलो तर हे तू असंच ठेव. वाचणाऱ्याला सापडलं पाहिजे." ती मान डोलावत होती. त्याला दुखवायचं तिच्या मनातही नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं,

"पण सर, आता हे वाचणार कोण?"